दादाचे दोन सूर

पाळणेवालीला बोलण्याआधी शीळ घालता यायला लागली, असं तिची आई सांगायची. आई तिखटमीठ लावण्यात कोणाला हार जाणारी नव्हती, त्यामुळे हे निम्मंच खरं धरावं. पण दुधाचे दात पडले तेव्हा पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं, हे शेजारणीही सांगत. दात गेल्याचं दुःख नव्हतं. पुढच्या फटीतून वारा निसटायचा, शीळ फुसकी निघायची, आणि पलीकडच्या उतारावरची मैत्रीण उलट विचारायची, "कोण बोलतंय? नीट बोल की!"

त्या दरीत राहायचं तर शीळ यायलाच हवी होती. दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यांच्या खांद्यांवर घरं, आणि मध्ये खोल खाली नदी. समोरच्या अंगणात वाळत घातलेली चादर निळी की हिरवी ते इकडून दिसायचं. पण तिथे जायचं म्हटलं तर आधी खाली उतरा, लाकडी पूल ओलांडा, पुन्हा वर चढा, आणि परत या. दिवस मोडला. "मीठ संपलंय का?" एवढं विचारायला कोण जीव काढणार? ओरडून उपयोग नव्हता. नदीचा घोगरा आवाज माणसाचा आवाज गिळून टाकायचा, आणि जे उरेल ते कड्यांवर आपटून त्याचा नुसता गोंगाट व्हायचा. शीळ मात्र नदीच्या वरून जायची. बोट जिभेखाली दुमडायचं आणि जे तोंडानं बोललो असतो त्याचेच चढउतार शिळेतून सोडायचे. ती काही निराळी भाषा नव्हती. घरात बोलायची तीच, फक्त दरीतून पलीकडे जाईल अशी केलेली.

सगळीकडे ती सारखीही नव्हती. वरच्या टोकाला दाट झाडी होती, तिथली माणसं आखूड आणि सावकाश बोलत, कारण लांब वाक्य झाडांत अडकायचं. उघड्या कड्यावरची माणसं त्यांना "तोतरे" म्हणून चिडवत. दुपारी वारा सुटला की कोणी काही बोलत नसे. संध्याकाळी वारा पडला की मात्र दोन्ही काठांवर असा बाजार भरायचा की पाखरांनी लाजावं. आणि खाली सपाटीवरच्या गावात ही विद्या कोणालाच नव्हती. त्यांना काय गरज? ती माणसं उठून शेजारच्या दारात जाऊन बोलत.

पाळणेवालीचं नाव पडलं ते तिच्या कामावरून. दरीवरून लोखंडी दोर टाकलेला होता, आणि त्यावरून लाकडाच्या मोळ्या, दुधाच्या किटल्या, पिठाची पोती इकडून तिकडे जायची. ज्या पेटीतून जायची तिला सगळे पाळणा म्हणत. अलीकडच्या टोकाचं चाक हिच्या ताब्यात, पलीकडच्या टोकाचं दादाच्या. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, लग्नानंतर सासऱ्याच्या घराशेजारी पलीकडे जाऊन राहिलेला. दिवसभर दोघांचं चालायचं, "भरलं", "ओढ", "थांब, दोर हलतोय", "झोपलास का रे?" शेवटचं वाक्य कामाचं नव्हतं, पण दिवसातून दहादा जायचं. हिचा नवरा लग्नानंतर लवकरच तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरच्याच घरी आईसोबत ती राहिली, आणि खरं सांगायचं तर त्या चाकापाशी बसून समोरच्या भावाची थट्टा करण्यात तिचे दिवस वाईट गेले नाहीत.

दरीत शिळेचे दोन नियम होते. ते कोणी लिहिले नव्हते, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. पहिला असा, की आपल्या नावाची शीळ आली की उत्तर द्यायचंच. बोलायचं नसेल तर नुसते दोन सूर, एक खालचा, एक वरचा. अर्थ एवढाच की ऐकलं. कोर्टात भांडणारे शेजारीही एकमेकांना दोन सूर देत. उत्तर न देणं म्हणजे समोरचा माणूस आपल्यापुरता मेला, असं सांगणं. दुसरा नियम, मरणाची गोष्ट हवेत सोडायची नाही. शीळ सगळी दरी ऐकते. ज्याचं माणूस चाललंय तो तिकडे एकटा कड्यावर उभा असतो, त्याला सावरायला कोणी नसतं. म्हणून अशा वेळी माणूस चालत पाठवायचा. त्यानं दारात जाऊन, आधी पाणी मागून, मग सांगायचं.

आई गेली तेव्हा ह्या दुसऱ्या नियमानं घात केला.

सकाळी आईचा श्वास अडकायला लागला. पाळणेवाली चाकाजवळ धावली, तोंडात बोट घातलं, आणि बाहेर काढलं. नुसतं "ये" म्हटलं असतं तरी सगळ्या दरीला कळलं असतं, आणि दादाला सगळ्यांच्या देखत कळलं असतं. तिनं शेजारच्या दूधवालीच्या नवऱ्याला पिटाळलं. तो बिचारा धापा टाकत गेला, दारात उभा राहून त्यानं पाणी मागितलं, मग सांगितलं. दादा धावत सुटला, पडला, गुडघा फोडून घेतला, आणि घरात शिरला तेव्हा आईच्या हनुवटीला फडकं बांधलेलं होतं.

"शीळ घालता आली नाही तुला?" तो म्हणाला. "आयुष्यभर वायफळ शिळा घातल्यास, आणि आज तोंड शिवलं होतं?"

"दादा, अशी बातमी शिळेवर..."

"नियम आईपेक्षा मोठा का गं?"

दादा सगळं आटोपेपर्यंत थांबला, आणि जाताना म्हणाला, "ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. तूही माझ्या दारात येऊ नकोस." तो तोंडातून निघालेला शब्द सहसा परत घेत नसे. त्या घराण्यात ते खूळ पिढीजात होतं.

पण पहिला नियम होता ना! कामाचं बोलणं तर चालूच राहिलं. शिवाय रोज संध्याकाळी चाक बंद केल्यावर ती त्याच्या नावाची शीळ घालायची, आणि दादा दोन सूर द्यायचा. एक खालचा, एक वरचा. बस्स. "जेवलास का?" दोन सूर. "वहिनीचं डोकं थांबलं का?" दोन सूर. दुसऱ्या एखाद्या बाईनं नाद सोडला असता. पाळणेवाली मात्र त्या दोन सुरांवर जगत होती. आज वरचा सूर जरा लांबला का? काल जरा मऊ नव्हता का? कधी ना कधी त्या दोन सुरांना तिसरा जोडला जाईल, दादा "झोपलीस का गं?" म्हणेल, ह्या आशेवर तिनं वर्षं काढली. तिचं दुसरं काही मागणंच नव्हतं.

मग रस्ता आला. त्याला रस्ता म्हणायचं म्हणजे पुराला ओहोळ म्हणण्यासारखं. दरीच्या मधोमध, नदीच्या डोक्यावर, काँक्रीटच्या खांबांवरून आठ पदरी रस्ता. उद्घाटनाला फीत कापणारे आले, दरीच्या भाग्याविषयी बोलले आणि त्याच रस्त्यानं निघून गेले. पाळणा बंद झाला. माल आता ट्रकनं यायला लागला. दोर भंगारात गेला. खालचा लाकडी पूल खांबांच्या आड येत होता म्हणून तोडला. आता पलीकडे जायचं तर बसनं दरीच्या तोंडापर्यंत जायचं, तिथून दुसरी बस धरायची. तेव्हाही दिवस मोडायचा, आताही मोडतो. एवढ्यासाठी डोंगर फोडला!

पाळणेवालीला रस्त्याकाठच्या खानावळीत भांडी घासायचं काम मिळालं. मोठे हौद, गरम पाणी, वरून सतत फिरणारा पंखा. पहिल्याच आठवड्यात तिनं मागच्या दारातून भाजीवाल्याला थांबवायला शीळ घातली, तर आचारी खदाखदा हसला. "मावशी, ह्या वयात शिट्ट्या मारता? कोणाला?" सगळं स्वयंपाकघर हसलं. तीही हसली. तिथे पुन्हा कधी तिनं तोंडात बोट घातलं नाही.

रस्ता सुरू झाला त्याच आठवड्यात दादाचे दोन सूर यायचे थांबले.

पहिल्या संध्याकाळी तिला वाटलं, बाहेर गेला असेल. दुसऱ्या संध्याकाळी वाटलं, ताप असेल. मग एकदा दिवेलागणीला तो तिला अंगणात उभा दिसला, नुसता पांढरा सदरा, पण तोच, इकडे वळलेला. तिनं जीव ओतून शीळ घातली. काही नाही. थोडा वेळ उभा राहून तो आत निघून गेला. पाळणेवाली कड्यावर मटकन खाली बसली. शेवटी त्यानं तेही तोडलं होतं.

कोणी म्हणेल, खाली एवढे ट्रक धडधडत होते, तिच्या डोक्यात उजेड कसा पडला नाही? नाहीच पडला. आणि तिच्या एकटीच्याच नाही, सगळ्या दरीत कोणाच्या पडला नाही. त्या लोकांना आपल्या शिळेचा गर्व होता. नदीला पूर आला, कडे कोसळले, तरी शीळ पोचली, अशा गोष्टी ऐकतच ते लहानाचे मोठे झाले होते. पुरावरून जाते ती ट्रकांना काय भिणार? पण पुराचा आवाज घोगरा होता आणि शीळ त्याच्या वरून निघून जायची. टायरांचा आवाज नुसता सूं सूं, शिळेच्याच उंचीचा. शीळ त्याच्यात शिरायची आणि तिथेच विरायची. हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. अलीकडचे म्हणायला लागले, पलीकडच्यांना माज आलाय. पलीकडचे म्हणायला लागले, अलीकडच्यांना आपण आता दिसतही नाही. तरुणांच्या हातात फोन होते, त्यांना फरक पडला नाही. म्हाताऱ्यांनी मूग गिळले. जो उत्तर देत नाही त्याच्या दारात जाऊन जाब विचारायचा नसतो, हेही त्यांच्यात ठरलेलंच होतं.

फोन तिच्याकडेही होता. दादाचा फोन भाच्याजवळ असायचा. पण ज्यानं दोन सूरसुद्धा नाकारले त्याला फोन लावून काय भीक मागायची? पुढचा हिवाळाभर ती तरीही संध्याकाळी बाहेर उभी राहायची. नंतर एक दिवसाआड. नंतर मान दुखते म्हणून तेही नाही. मग रस्तेवाल्यांचा एक माणूस हातात छोटं यंत्र घेऊन आला. त्यानं अंगणात उभं राहून आकडा बघितला, जीभ चावली, आणि म्हणाला, "बाई, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून देतो, फुकट. आत काही ऐकू येणार नाही."

"काहीच नाही?"

"टाचणी पडली तर तेवढी येईल."

खिडक्या बसल्या. संध्याकाळी ती त्या लावून घ्यायची, टीव्ही सुरू करायची आणि भाजी निवडत बसायची. घर कसं छान शांत झालं, असं ती दूधवालीला सांगायची.

असे दोन पावसाळे गेले असतील. एका सकाळी दारात भाचा उभा. दादाचा एकुलता एक मुलगा, टेम्पो चालवायचा. त्यानं आधी पाणी मागितलं. पाळणेवालीच्या हातातला तांब्या तिथेच थांबला.

"कधी?" तिनं विचारलं.

"काल रात्री, आत्या."

तो पाणी प्यायला नाही. तिच्याकडे बघतही नव्हता. "तुला आम्ही बोलावलं होतं," एवढंच म्हणाला, आणि टेम्पोकडे चालायला लागला. ती तशीच निघाली. वाटेत दूधवाली भेटली, तिला म्हणाली, "दादा गेला गं. मी पलीकडे जाते." दूधवालीनं तिच्या दंडाला धरलं आणि सोडलं.

ज्या अंगणाकडे पाळणेवालीनं इतकी वर्षं पाहिलं होतं, त्या अंगणात ती भांडणानंतर पहिल्यांदा उतरली. दादाला नेण्याची तयारी झाली होती. तिला शेवटचं बघू दिलं. चेहरा लहान झाला होता आणि दाढी वाढलेली होती. मग पुरुष त्याला घेऊन गेले, आणि अंगणात बायका उरल्या. मधोमध एक खाट होती, तिच्यावर अजून चादर होती.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "वन्सं, एवढा राग?"

"वहिनी, मला कोणी काही..."

"तीन दिवस छातीत घरघर होती. काल दुपारी मला म्हणाले, बहिणीला बोलव. मुलगा म्हणाला, फोन लावतो. तर नाही म्हणाले. 'फोन नको, माणूस नको. आईच्या वेळी शीळ आली नाही म्हणून मी तिच्याशी भांडलो. आता माझ्या वेळी शीळ घाला. ती समजेल.' खाट बाहेर काढायला लावली. मी शीळ घातली, पोरानं घातली, शेजारच्यांनी घातली. मरणाची शीळ, वन्सं! जी कोणी कधी घातली नाही ती आम्ही घातली, तोंडं फुटेस्तोवर. आणि ते तुमच्या घराकडे कान लावून पडले होते."

"ऐकू नाही आली," पाळणेवाली म्हणाली. "देवाशपथ, नाही आली ऐकू."

बायकांमध्ये कोणीतरी सुस्कारा सोडला. शीळ ऐकू आली नाही, हे त्या दरीत ऐकणारानं आजवर कधी म्हटलं नव्हतं. ते कोणाला खरं वाटण्यासारखं नव्हतंच.

"काय म्हणाला मग तो?" तिनं विचारलं.

"अंधार पडल्यावर म्हणाले, राहू द्या. तिचंही बरोबर आहे. मी तिला इतकी वर्षं दोन सुरांवर ठेवलं, नंतर ती तेही घेईनाशी झाली. म्हणाले, रस्ता सुरू झाल्यापासून मी रोज दिवेलागणीला घालतोय, ती ऐकून आत जाते." वहिनीनं पदर तोंडाशी धरला. "रोज घालायचे हो. अगदी अंथरुणाला खिळेपर्यंत. नुसते दोन सूर नाहीत. 'झोपलीस का गं' विचारायचे."

पाळणेवालीनं खाटेची कड धरली. तिला सांगायचं होतं की तीही उभी राहायची, हिवाळाभर उभी राहायची. पण मग काल? काल ती दुहेरी काचेआड भाजी निवडत होती. बाहेर असती तर? ट्रकांच्या मध्ये कधीतरी क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात एखादा सूर निसटून आला असता तर? तिनं ते वहिनीला सांगून टाकलं. "खिडक्या लावलेल्या होत्या, वहिनी. मी त्या लावून घेते."

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "ती बघा, तुमच्याकडची कोणीतरी."

समोर, दरीच्या पल्याड, पाळणेवालीच्या घराच्या कड्यावर दूधवाली उभी होती. लहानशी दिसत होती, पण कोपर वर उचललेलं, मान मागे, हात तोंडाशी. ती उभं राहण्याची रीत दरीतल्या लेकराला ओळखता आली असती. दूधवाली शीळ घालत होती. पोचलीस का, विचारत असणार. प्रवासाला निघालेल्या माणसाला मागून तसं विचारतात. अंगणातल्या सगळ्या बायका बघत होत्या. कोपर वर राहिलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. अंगणात खालच्या रस्त्याची सूं सूं तेवढी येत होती. दुसरं काही आलं नाही.

वहिनी हळूहळू उठली आणि कड्याच्या कठड्यापर्यंत गेली. तिनं कानामागे हात धरला. दूधवालीनं तिसऱ्यांदा शीळ घातली. वहिनी वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता, आणि आता ती रडायला लागली.

"म्हणजे खरंच तुम्हाला..." ती म्हणाली. "आणि तुमचीही त्यांना... हे त्यांना कोण सांगणार आता, वन्सं? ते तर तसेच गेले."

समोर आपल्या नावाची शीळ घातली जात होती, आणि उत्तर द्यायलाच हवं होतं. पाळणेवाली कठड्याशी गेली. बोट जिभेखाली दुमडलं आणि जेवढा श्वास होता तेवढा लावून दोन सूर दिले. पुन्हा दिले. दूधवालीनं हात खाली घेतला, ऊन लागतं म्हणून डोळ्यांवर आडवा धरला आणि ती वाट बघत उभी राहिली. पाळणेवालीनं आणखी एकदा दिले. दूधवाली पाठ फिरवून घराकडे चालायला लागली. हिनं उत्तर दिलं नाही, असंच तिला वाटलं असणार.